फाटक नव्हतं तिथं

चांदोरकर बाईंचं पुस्तक, शिवण सुटलेलं.
पान एकशे बारापर्यंत त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा,
पुढे कोरं. बाई तिथंच उतरल्या असाव्यात.

डब्लिन. ट्रामच्या वरच्या मजल्यावर एक माणूस:
ओला मोजा, थकलेलं भाडं, बेकरीचा वास,
पुढच्याच्या मानेवरचा तीळ, पुन्हा मोजा.
ट्राम दर खांबाशी थांबते.
वाक्य थांबत नाही.

आमच्या ग्वाल्हेरला उलट होतं.
घोसीपुऱ्याच्या अलीकडे रस्त्यातूनच जायची छोटी लाइन,
दुकानांच्या फळ्यांना घासत, सायकलच्या चालीनं.
लोक तिला थांबवत नसत, नुसते चढत.
गजकवाला आधी टोपली चढवी, मग स्वतः,
आणि टपावरून कुणी खाली ओरडे,
"ओ भाईसाब, चप्पल!"

फाटक नव्हतं. वडील होते.
खंडेराव मुळे, एक लाल झेंडी, एक हिरवी,
आणि शिट्टी, जी ते घरीही गळ्यात ठेवत.

त्यांचं बोलणं गाडीनं कापलेलं असे.
"उद्या वाण्याला सांग की…" आणि इंजिन.
गाडी गेल्यावर ते पुढचं बोलत,
पण तोवर वाणी निघून गेलेला, उद्याही गेलेला,
ते भलत्याच कुणापासून सुरू करत.
कॉलेजात याला एक भारदस्त नाव आहे
हे मला फार उशिरा कळलं. वडलांना कळलंच नाही.

एकदा आई जेवणाचा डबा घेऊन रस्त्याच्या या बाजूला,
वडील त्या. मध्ये गाडी.
दोन डब्यांच्या फटीतून त्यांना ती दिसली असेल तेवढीच:
कोपर. पदर. पितळी कडी. पुन्हा कोपर.
आई काहीतरी म्हणाली. लांबलचक.
एरवी ती एवढं बोलत नसे.

शेवटचा डबा गेला.
"काय म्हणालीस?"
"काही नाही."

या पुस्तकात असल्या 'काही नाही'ला
चाळीस पानं दिली आहेत.

मी आईचं बोट धरून उभा होतो.
मला तरी ऐकू यायला हवं होतं.
मी डबे मोजत होतो. सात.

आता सगळ्यावर डांबर आहे.
जेठात ते मऊ पडलं की एका ठिकाणी
हातभर रूळ वर येतो, आणि स्कूटरवाले
का ते न कळता तिथं जरा हळू होतात.

पान एकशे तेरा.
पेन्सिलीला टोक करून बसलोय.