माउंटखालची दोन बोटं

चेंदणीत माझं फ्रेमचं दुकान. इथे
वारलेले सासरे येतात, पदव्या येतात, दत्तगुरू येतात,
सगळ्यांना मी सारखीच दोन एमेमची काच लावतो.

मंगळवारी फिलोमिना मिस नळकांड्यातून
एक छापील चित्र घेऊन आल्या. भाची बेल्जियमला नर्स आहे.
चारशे वर्षांपूर्वीचं, म्हणाल्या, फ्लेमिश. येशूचा चमत्कार:
रात्रभर हात रिकामे राहिलेल्यांना तो म्हणाला,
पुन्हा जाळं टाका.
बारा-अठराच्या तयार फ्रेमीत बसवा, स्वस्तात.

चित्र मोठं. डावीकडची दोन बोटं
माउंटखाली जाणार. जाऊ देत.
पेन्सिलीनं खूण करून ठेवली.

दुपारी चांगुणा नाखवा आली, सुट्टे मागायला.
पाटी उंबऱ्याबाहेर ठेवून चित्रापुढे उभी राहिली,
येशूकडे न बघता.
"यो दर्या हाय का तलाव?"
तलाव, मी म्हटलं. गोड्या पाण्याचा.
"मंग तल्यान पाकट कशी गावली?"

खरंच पाकट होती, पांढरं पोट वर करून.
आणि चिंबोरीच्या नांग्या सुतळीनं बांधलेल्या.
जाळ्यातून निघाल्या निघाल्या कोण बांधतं नांग्या?
चितारी त्याच्या गावच्या बाजारात गेला असणार,
घासाघीस करून आणलं असणार,
वास सुटायच्या आत रंगवलं असणार.

चांगुणा हसली नाही. खाडीत तिच्या नवऱ्याच्या जाळ्यात
हल्ली चपला येतात, दुधाच्या पिशव्या,
एकदा आख्खी उशी.
"फुरं काय झालं?"
मिसनी सांगितलं तेवढं सांगितलं: होड्या काठाला लावल्या,
सगळं तिथंच टाकलं
आणि गेले त्याच्यामागे.
"सगलं? मासली पन?"
मासळी पण.
"मंग ती इकली कुनी?"

सुट्टे कनवटीला लावून गेली.
उंबऱ्याबाहेर पाटीचा ओला गोल
बराच वेळ वाळला नाही.

संध्याकाळी शटर अर्धं ओढून, भिंग घेऊन
खुणेपलीकडची दोन बोटं पाहिली.
एक बाई. डोक्याला पांढरं फडकं, बाह्या कोपरापर्यंत वर.
चमत्काराकडे पाठ.
एका माशाचा कल्ला अंगठ्यानं उघडून बघतेय
लाल आहे का.

खूण खोडली. चौदा-वीसचं सागवान काढलं.
मिस कुरकुर करतील. बिलात काय लिहायचं
ते अजून सुचलेलं नाही.