अकराशे ओहम

दस्तगीर मुल्लानं पिकअप आणली तेव्हा
वखारीतली हळद अजून तिच्या अंगावर होती,
बिजागरीत, आरशामागं, त्याच्या भुवयांवर.
"वस्ताद, मीटरात कायतरी मिणमिणतंय.
अख्खा दिवा नाय. कडंकडंनं.
चतुर्थीच्या चंद्रागत."

बघू, म्हटलं.
माधवनगर रस्त्यावर या वेळी ऊन असं उभं असतं
की पान्हा हातात धरवत नाही.

स्कॅनर लावला. तो बोलला तेवढंच बोलला:
पुढचं उजवं चाक, सेन्सरचं सर्किट.
स्कॅनर म्हणजे गल्लीतलं पोर,
भांडण कुठल्या घरात ते सांगतं.
कशावरून, ते आत जाऊनच बघायचं.

प्रज्वल लगेच म्हणाला, सेन्सर बदलू, अडीच हजार.
मी त्याला जॅक आणायला लावलं.

चाक उचललं. मीटरच्या दोन सुया सेन्सरच्या पायांना.
अकराशे ओहम.
हातानं चाक फिरवलं, मिलिव्होल्ट चढले, उतरले,
झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसे.
म्हणजे हा जिवंत आहे.
मग मॉड्यूलच्या टोकाला मोजलं
तर पडद्यावर नुसता तो एक,
डावीकडं, एकटा,
ज्याचा अर्थ आमच्यात: वाट तुटली.

मधे दीड हात वायर.
"प्रज्वल, स्टेअरिंग डावीकडं घे."
एक.
"उजवीकडं."
अकराशे.
"हळू रे."
अकराशे. एक. अकराशे. एक. एक.

दस्तगीर वाकून बघत होता.
"परवा मिरजेच्या पुलावर म्हैस आडवी आली,
ब्रेक दाबला तर चाकं जाम होऊन नुसती घसरत गेली.
मला वाटलं, हळदीचं वजन."

कमानीआड कनेक्टर होता, रबराची सील फाटलेली.
उघडला, आणि आत लाल.
तांब्याला गंज हिरवा येतो. तोही होता कडेला.
पण मधोमध हे कुंकू.
प्रज्वल हात मागं घेत म्हणाला, करणी केलीय कुणीतरी.
अरे, हळदीच्या गावात जन्मलास,
हळदीत खार पडला की लाल होते, एवढं ठाऊक नाही?
आठवडाभर वखारीची धूळ,
रविवारी वॉशिंग सेंटरवर सोड्याचं पाणी जोरात.
पिन नंबर दोनला कुणी करणी केली नव्हती,
आपणच तिला धूत होतो.

पिना घासल्या. नवी सील, थोडं ग्रीस.
एकशे ऐंशी रुपये झाले असते.

पण किल्ली फिरवली की तो दिवा
पूर्ण पेटून विझायला हवा,
आणि तो अर्धाच पेटला.
मीटर खोलला.
काचेमागं काळी टेप,
उन्हानं गोंद सुटून एका बाजूनं ओघळलेली.
टोक आत दुमडलेलं, त्रिकोणी,
पुढं कुणाला काढायची झाली तर नख लागावं म्हणून.

असं टोक सांगलीत मी एकटाच दुमडतो.

तीन वर्षं झाली असतील. तासगावचा कुणी मालक,
गाडी विकायला काढलेली.
"दिवा तेवढा घालव, गिऱ्हाईक बिचकतंय."
त्या महिन्यात कंप्रेसरचा हप्ता होता.
शंभर रुपये, दहा मिनिटं.
चाक उचललं नव्हतं. काही मोजलं नव्हतं.
नख मात्र लागेल असं बघितलं होतं.

मार्केट यार्डामागच्या मातीवर गाडी पळवली, ब्रेक मारला.
पेडल पायाखाली धडधडलं.
दस्तगीर दचकला. म्हटलं, असंच होतं,
धडधडलं तरी पाय उचलायचा नाही.
त्यानं पुन्हा मारून बघितला. आणखी एकदा.

"किती झालं?"
ऐंशी, म्हणालो.
प्रज्वलनं माझ्याकडं बघितलं, मग टेपेकडं.
दस्तगीरनंही ती बघितली, माझ्या अंगठ्याला चिकटलेली.
"ही कुणाची?"
माझी, म्हणालो.
तो हसला. त्याला वाटलं,
दुकानातली.