सव्वादोन

हॅनकॉकच्या चढावर पास्को बाईंचं घर.
स्वयंपाकघराची भिंत सोलून ठेवलीय,
आत उभे खांब उघडे पडलेत,
तांब्याच्या खाणी चालू होत्या तेव्हाचे.
दोन बाय सहा म्हणजे खरंच दोन बाय सहा,
हल्लीच्या लाकडासारखे नावाला मोठे नव्हेत.
बाहेर उणे एकोणीस.

उर्हो लाम्पिनेन पेटी उघडतो,
तेलकट फडक्यावर एकेक पातं मांडतो,
पाहुण्यापुढे ताटल्या मांडाव्यात तसं.
"नळी दीडची," म्हणतो, "पण तीही नावालाच.
अंगाने जवळजवळ दोन.
म्हणजे भोक सव्वादोन. बोल पोरी, काय घेतेस?"

मी चपटा फाळ उचलला. स्वस्त, हलका.
तो मिशीत हसला.
"इंच-दीड इंचापर्यंत ठीक. पुढे हा कापत नाही, भांडतो."
मग लांब गिरमिट,
टोकाला स्क्रू, अंगभर पीळ, भुसा मागे ओकत जाणारं.
"ते वायरवाल्यांचं. त्यांचं काम बोटाएवढं."

मला आवडली गोल करवत.
डब्यासारखी. दात बारीक. दिसायला शहाणी.
"घे," म्हणाला.
नको म्हणाला नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिल्याच खांबात धूर.
जुना हेमलॉक, हाडासारखा वाळलेला,
भोकाची कड काळी पडली, घरभर करपल्याचा वास,
आणि लाकडाची चकती डब्यात अशी रुतून बसली
की स्क्रूड्रायव्हरने उकरता उकरता
अकरा मिनिटं गेली.
उर्होने मोजली. कॉफी पीत मोजली.

मग फडक्याच्या कोपऱ्यातलं, सगळ्यांत जड:
मधे जाड स्क्रू, कडेला दात,
बोथट झाले तर बदलायचे.
"हे स्वतःच आत ओढतं. तू ढकलायचं नाही.
तू फक्त धरायचंस."
आणि बाही सरकवून डावं मनगट दाखवलं,
सांधलेलं, जरा वाकडं.
"कॅल्युमेटला, शाळेच्या तळघरात.
आत खिळा होता. पातं अडकलं,
मोटार नाही अडकली.
काहीतरी फिरणारच ना? मी फिरलो."

म्हणून आधी लोहचुंबक, खांबावरून वरखाली,
दोरीला बांधलेलं.
दोन ठिकाणी ते चिकटलं. दोन खिळे उपसले,
चौकोनी, हाताने ठोकलेले.
मग गिअर खालचा, मूठ खांबाला टेकवलेली,
पाय रुंद.
पात्याने लाकूड पकडलं
आणि जाड, ओलसर वाटाव्यात अशा सालींचा ढीग
माझ्या बुटांवर पडत गेला.
धूर नाही. आरडाओरडा नाही.
दुसरा खांब, तिसरा,
प्रत्येकात भोक मागच्यापेक्षा रेघभर खाली,
पाणी उताराने जायचं, त्याला समजावता येत नाही.

सहावा खांब कोपऱ्यावरचा.
त्याच्या डोक्यावर वरच्या मजल्याची तुळई.
त्याला आधीच कुणी खाच पाडली होती,
कुण्या जुन्या नळीसाठी, घाईत, छिन्नीने.
मी पट्टी लावली. खाच वजा जाता
उरलं होतं साडेतीन.
उर्हो वाकला, अंगठ्याने खाच चाचपली,
बराच वेळ काही बोललाच नाही.

"आता कुठलं लावू?" मी विचारलं.
"कुठलंच नाही."
त्याने पातं काढून घेतलं, पुसलं,
फडक्यात गुंडाळलं.
नळी पाचव्या खांबाशीच जमिनीत उतरवायची ठरली.
दिवसभराचं काम वाढलं,
आणि खाली रांगायचं मला.

पास्को बाई चहा घेऊन आल्या,
आम्ही काय तोडलं, काय सोडलं, काही विचारलं नाही.
जमिनीवरची ती करपलेली चकती उचलली,
मधे भोक, कड काळी,
हातात उलटीसुलटी करून पाहिली
आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली.
टेबल हलवून बघितलं.
"बरोब्बर," म्हणाल्या.
उर्हो माझ्याकडे बघून म्हणाला,
"बघ, गोल करवतही अगदीच वाया नाही."