वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध

धंतोलीत सगळ्या गल्ल्यांना स्पिरिटचा वास येतो.
मे महिना. कँटीनच्या कूलरजवळ
डॉक्टर चांडक माझ्याशी मराठीत बोलायला लागले
तेव्हाच कळलं. इतके दिवस हिंदीत बोलत होते.
"यातून ते परत यायचे नाहीत," म्हणाले.
"तुम्ही ठरवा. मी सांगू शकत नाही."
मग कागद आला. त्यावर छापलेलं:
रुग्णाला वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध घरी नेत आहोत.
ज्यांनी हळू आवाजात सल्ला दिला
त्यांच्याच सल्ल्याविरुद्ध
माझी सही हवी होती.
खाली, नातं: मुलगी.

माझा बाप महानगरपालिकेत व्हॉल्व्हमन होता.
एकतीस वर्षं, पहाटे,
सायकलच्या दांडीला लांब लोखंडी चावी बांधून निघायचा
आणि रस्त्यातलं झाकण उचलून
अर्ध्या इंदोऱ्याला पाणी सोडायचा.
सोडणं सोपं, म्हणायचा.
"बंद कराची येळ आली का
हात जड होते पोरी.
गल्लीच्या टोकाले पाणी लय बारीक येते.
थे बाई अजून गुंड धरून उभी असन,
मले इथूनच दिसते."
वेळ संपली तरी पाच मिनिटं
चावीवर हात ठेवून तसाच उभा राहायचा.
त्याबद्दल त्याला दोनदा मेमो मिळाला.

मला मेमो कोण देणार?

हर्षल शारजाहून व्हिडिओवर म्हणाला,
पैसे मी पाठवतो, मशीन काढू नका.
त्याला दोष देत नाही.
फोनमध्ये त्याला चेहराच दिसत होता,
पाठीवरची जखम नाही.
आत्या म्हणाली, काढ.
मग म्हणाली, नको.
जेवण झाल्यावर पुन्हा म्हणाली, काढ.

विहारात भन्तेंना विचारलं,
पाणातिपाता वेरमणी रोज म्हणतो आपण,
हे त्यात बसतं का?
भन्ते माझ्याहून लहान, भंडाऱ्याकडचे,
तळपायाला उन्हाने फोड आलेले.
बराच वेळ चटईची काडी सोलत राहिले.
"मला माहीत नाही," म्हणाले.
"तुमच्या मनात काय आहे, त्यावर आहे."

मनात काय होतं?
त्याची पाठ होती.
रोजचे बत्तीस हजार होते.
ओजसच्या कोचिंगचा दुसरा हप्ता होता.
आणि एक सबंध रात्र झोप होती,
कूलरसमोर, पाय पसरून.
दया किती, हिशेब किती,
वेगळं करणारी चाळणी
मला कुठे मिळाली नाही.
सही करताना पेन चालेना,
तर शेजारच्या बेडवाल्यांचं मागून घेतलं.
त्यांनी काय लिहितेस ते विचारलं नाही.

घरी नळी काढली ती सिस्टर लिजीने.
ड्यूटी संपवून आली होती, स्वतःच्या पैशांनी, ऑटोने.
डॉक्टर म्हणाले होते, दहा मिनिटं.
बाबा अकरा तास श्वास घेत राहिला.
अकरा तास, स्वतःच्या छातीने,
आणि दर तासाला मला वाटलं
की हे उत्तर आहे,
फक्त कशाचं ते कळत नव्हतं.
आत्या ओल्या कापसाने ओठ पुसत होती.
मी त्याच्या कानाशी म्हणाले,
बाबा, सगळ्यांचं भरलं.
टोकाच्या घराचंही भरलं. कर आता बंद.
माझं भरलं नव्हतं.

चारच्या सुमारास मोरीत नळ फुसफुसला.
पाण्याआधी तसं होतं, आधी नुसती हवा येते.
मला वाटलं, हा त्याचाच.
वळले, तर आत्याने हात जोडलेले.

मग पाणी आलं. गढूळ, मग साफ.
कुणीतरी सोडलं होतं,
माझ्या ओळखीचं नसलेलं कुणी.
गुंड भरला, काठावरून वाहायला लागला.
बाहेर टोकाच्या घरातून देवकाबाई विचारत होती,
"आलं का वं पाणी तुमच्याकडे?"

तोटीवर हात ठेवून
मी किती वेळ उभी होते, आठवत नाही.