अडलेला शब्द
(शरणपूर, नाशिक, १८६३)

पेटी आली ती कसाऱ्यापर्यंत आगगाडीनं,
पुढं थळघाट चढून बैलगाडीत.
झाकणावर शिक्के: बोस्टन, ब्रिस्टल, मुंबई.
त्या साली कापूस सोन्याच्या भावाचा,
म्हणून आत भुसा.

भुशात चौतीस चोपड्या, हातानं शिवलेल्या,
आणि एक लाकडी ठसा:
साखळदंडातला माणूस, गुडघे टेकून, हात जोडून.
वर चिठ्ठी,
"वाचून झालं की पुढं पाठवा.
शिवणाऱ्या आम्ही सातजणी."

पाद्रीसाहेब म्हणाले, मराठी करा, पंधरा दिवसांत.
मी पहिल्याच ओळीत अडलो.

गुलाम लिहावं, तर तो पत्त्यांतला,
राणीच्या खाली, दश्शीच्या वर.
दास लिहावं, तर इथं गोदेच्या घाटावर
रोज पहाटे माणसं हौसेनं दास होतात,
टाळ वाजवून.

सीलास शाईचा रूळ फिरवत होता.
मस्कतच्या बगल्यातून सोडवून आणलेला,
वय त्यालाही ठाऊक नाही,
खिळे जुळवण्यात माझ्या पुढं.
ठशाकडं बघून म्हणाला,
"आम्हाला पाय दुमडायला जागा नव्हती.
हा गुडघे कुठं टेकतोय?"
आणि ठसा पालथा घातला.

कागदाच्या कातरणी झाडत मैनी आली.
"काय अडलंय, मास्तर?"
म्हटलं, विकत घेतलेल्या माणसाला शब्द पाहिजे.
"बटीक म्हणा की.
मला चांदवडात घेतली, सत्तावीस रुपयांना.
दोन जास्तीचे. दात बरे म्हणून."
केरसुणी थांबली नाही.

माझ्या मामांकडं अशा दोघी होत्या.
आम्ही त्यांना नावानं हाक मारायचो,
त्यामुळं शब्द कधी लागलाच नाही.

बटीक बाईमाणूस, चोपडीतला पुरुष.
व्याकरण मोडत होतं.
मोडू दिलं.

दोनशे प्रती निघाल्या.
ठशाची जागा कोरी राहिली,
साहेबांनी विचारलं, सीलास म्हणाला, शाई संपली.
शाई संपली नव्हती.

एक प्रत त्यानं चुकलेल्या प्रुफांत गुंडाळली,
त्याच पेटीत, त्याच भुशात ठेवली,
झाकणावरचे शिक्के उलट्या क्रमानं वाचले
आणि मला चिठ्ठी लिहायला सांगितली:

"बायांनो, हे तुम्हाला वाचता येणार नाही.
तरी पुढं पाठवा."