चकली पुढं, मी मागं

पहिल्यांदा पट्टा तिच्या गळ्यात होता.
तिनं ओढलं, मी ओढलं, ती खोकली.
रंकाळ्याच्या कट्ट्यावरचे दोघं पेन्शनर म्हणाले,
"अहो बाई, कोण कुणाला फिरवतंय?"
उत्तर मला सुचलं ते घरी, चहा गाळताना.
तसं मला सगळंच उशिरा सुचतं,
पळायचंसुद्धा सेहेचाळिसाव्या वर्षी.

सुभाषनगरात रंगराव व्हटकरांकडं गेले.
"माप घ्यायचंय."
"पाऊल ठेवा कागदावर."
"माझं न्हाई, हिचं. छातीचं."
त्यांनी चष्मा वर केला.
चकलीनं शेपूट, जी जन्मापासून
कढईतून नुकती काढल्यासारखी वळलेली,
एकदा उलगडून पुन्हा गुंडाळली.
चाळीस वर्षं माणसांचे अंगठे मापलेली बोटं
तिच्या खांद्यांमागून, बरगड्यांखालून फिरली.
"नरड्यावर जोर नको," ते स्वतःशीच बोलले,
"बैलाचं जूसुद्धा मानंवर बसतंय."
माझ्यासाठी रुंद कमरपट्टा.
"ह्यो हाडावर बसू दे, पोटावर न्हाई."
मधे चार हात दोरी, आणि दोरीच्या पोटात
पंक्चरवाल्या अस्लमकडची सायकलची ट्यूब,
म्हणजे हिसका बसला तर आधी रबरानं सोसायचा.
असं काही घरात असतं तर,
मी मनात म्हटलं, आणि पैसे दिले.

ऊन यायच्या आत. तिनं खाल्लं असेल तर नाही.
डांबरावर तळहात टेकून बघायचा,
मला सोसलं तर तिला सोसेल.
आधी खांबापर्यंत. मग पुढच्या खांबापर्यंत.
"डावं" म्हटलं की डावं,
"उजवं" म्हटलं की बहुतेक उजवं,
"दमानं" म्हटलं की दमानं.
हा शेवटचा शब्द ती अजून कानडी समजते.

तिसऱ्या दिवशी कळंब्याच्या वाटेवर म्हशी आल्या,
शिंगांना हिरमुंजी, चालीत कसलीच घाई नाही.
चकली थांबली. मी थांबले नाही.
पुढं जे व्हायचं ते झालं.
म्हशीवाला पोरगा म्हणाला, "मावशी, लागलं का?"
मग दोरीकडं बघून, "ह्यो कसला खेळ म्हणायचा?"
शेणातून कोपर काढत मी म्हटलं, "नवा हाय."

गुडघ्यावर खपली धरली, पडली.
मधल्या दिवसांत काही घडलं नाही. पळालो.
एकदा मीच उठले नाही,
तर ती कमरपट्टा तोंडात धरून पलंगाशी बसली.
चावला नाही. फक्त धरला.

मग कात्यायनीच्या चढाला एका सकाळी,
छातीत फाटका भाता, दोरी ताणलेली,
तेव्हा कळलं, मी अजून मागं रेलून पळतेय,
टाचा रोवत, तिच्या ओढीच्या उलट.
कुणी शिकवलं होतं हे? कधी?
थोडी पुढं झुकले. एवढंच.
चढ होता तेवढाच राहिला.
अठरा किलोंची, गल्लीतली, बापाचा पत्ता नसलेली कुत्री
बासष्ट किलोंची बाई वर नेत होती
आणि तिचे कान मागं पडले होते,
गादीवर मान टाकल्यासारखे निवांत.
माथ्यावर तिनं वळून बघितलं. दोरी ढिली पडली.
पाणी आधी तिला, मग मला, एकाच वाटीत.
खाली कुणाच्या तरी गुऱ्हाळाचा धूर
कुठं वळायचं ते न ठरवता वर चालला होता.

आता लॅबमध्ये खुर्चीत बसून
लोकांच्या साखरेचे आकडे टाइप करताना
कमरेला मधूनच हलका हिसका बसतो.
पट्टा तर घरी खुंटीला असतो.
काउंटरवरून कुणीतरी विचारतं,
"मॅडम, रिपोर्ट कधी मिळेल?"
"दमानं," मी म्हणते,
आणि मलाच तो शब्द कानडी वाटतो.