तिकडचा

त्या साली दिवाळी आणि हद्द
एकाच आठवड्यात आली.
बाचीच्या दुकानात अप्पांनी लाल वहीला
हळदकुंकू लावलं, पहिल्या पानावर श्री काढला,
आणि जुन्या वहीतली येणी उतरवून घ्यायला बसले.

जुन्या वहीत नुसती माणसं आहेत.
भरमाणा तुर्केवाडीकर, गूळ, दोन शेर.
रुद्राप्पा गाणगेर, घासलेट.
सटूबाई, शिनोळी, लेकीच्या बाळंतपणाला डिंक,
पैसे रताळी निघाल्यावर.

नव्या वहीत हीच नावं, हाच गूळ.
खरं शिमग्याच्या आसपास
भरमाणाच्या नावाआधी एक शब्द येतो:
तिकडचा.
बारीक अक्षरात, पेन्सिलीनं,
पुसायची सोय ठेवल्यासारखा.

पावसाळ्यानंतर तो शाईत आहे.

चंदगड गेलं, आम्ही राहिलो;
की आम्ही गेलो आणि चंदगड राहिलं,
यावर अप्पा आणि रुद्राप्पा
एका बिडीत दोनदा भांडायचे.
रुद्राप्पा घरात कन्नड बोलायचा
आणि शिव्या द्यायला मराठीत यायचा.
त्याच्या नावाआधी कधी काही नव्हतं.
एका सोमवारी तिथं ‘कानडी’ आलं.

त्यानं ते फळीपलीकडून उलटं वाचलं.
बोलला काही नाही.
पुढच्या सोमवारपासून घासलेट
तो फर्लांगभर लांबच्या दुकानातून नेऊ लागला.
त्याच्या खात्यावर साडेतीन आणे अजून उभे आहेत.

मला वाटायचं, रेघ गावाबाहेरून जाते.
मोजणीवाल्यांनी दगडही तिथंच पुरलेत.

मग शिरगणतीचा माणूस आला.
भाषेच्या रकान्यावर अप्पांनी बोट टेकवलं
आणि तो लिहीपर्यंत उचललं नाही.
त्या दिवसापासून आमचं घर
घर कमी, पुरावा जास्त.
आईनं शेजारणीला कन्नडमध्ये हाक मारली
तर अप्पा खाकरायचे.
दावा दिल्लीला गेला, अप्पा वर गेले,
दोन्हीकडून अजून काही कळवलेलं नाही.

आता दुकान मी बघतो.
गोठ्यात गेलो की मोबाईल म्हणतो,
महाराष्ट्रात आपलं स्वागत आहे.
म्हशीला पेंड घालून परत येईपर्यंत
कर्नाटकात स्वागत होतं.
एवढं स्वागत आमच्या बापजन्मात कुणी केलं नव्हतं.

माझी मुलगी वैजयंती तालुका कचेरीत आहे.
कन्नडमध्ये सही करते.
सुंदर करते.
हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

परवा शिनोळीला खताचं पोतं आणायला गेलो.
सुट्टे कमी पडले.
गल्ल्यावर भरमाणाचा नातू.
राहू दे की काका, म्हणाला, लिहून ठेवतो.
त्यानं वही ओढली.

उलटं वाचायला मला कुणी शिकवलं नाही.
फळीपलीकडं उभं राहिलं की येतं.

माझ्या नावाआधी एक शब्द होता.
पेन्सिलीनं होता, असं वाटलं.
चष्मा घरी राहिला होता.